रोज सकाळी विचारणारं मशीन

उद्यमनगर, कोल्हापूर
८ मार्च २००४

प्रिय शांभवी,

लिनक्स फुकट असतं, असं तू म्हणाली होतीस. मासिकाबरोबर आलेली सीडी, ना लायसन, ना कुणाची परवानगी. तुझं खरं आहे. पण फुकट वस्तूचा खर्च दुसरीकडे पडतो, आणि तो कुठं कुठं पडला ते आज मांडतो. रोज सकाळचा एक चहा, जो या मशीनपुढं बसून गार झाला आणि तसाच प्यावा लागला. वर्कशॉपातल्या पिराजीची माझ्यावरची भक्ती, निम्मी. राजारामपुरीच्या एका कॉम्प्युटरवाल्या पोराचं माझ्याबद्दलचं चांगलं मत, सगळंच. तुझ्या अव्वाबरोबरची नवराबायकोची भांडणं, ती मोजत नाही, कारण ती मशीन नसतं तरी झाली असती. आणि आणखी एक गोष्ट गेली, ती सगळ्यात खाली लिहितो. महाग वस्तू बिलात शेवटी घालायची माझी सवय तुला ठाऊक आहे. तोवर गिऱ्हाईक खुर्चीवर नीट टेकलेलं असतं.

अव्वा सांगते की तू पाडव्याला येणार नाहीस. "अप्पा माझ्याशी बोलतच नाहीत, मग मी कुणाच्या घरी येऊ?" असं तू तिला म्हणालीस म्हणे. ती गॅसपुढं पाठमोरी उभी होती, त्यामुळं मला दोनदा विचारावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिनं कालथा एवढ्या जोरात आपटला की पोळी तव्याखाली गेली. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलो आहे. पण माझ्या पद्धतीनं देतो. इंजिन उघडताना मी एकदम हेड उचलत नाही, आधी एकेक नट सैल करतो.

मागच्या जूनमध्ये तू पुण्याच्या नोकरीवर निघालीस तेव्हा मी काय बोललो ते तुला पाठ असेल, कारण सगळं वर्कशॉप ऐकत होतं. "जातीस तर जा. बिलाचं मशीन माझं मी बघतो. उद्यमनगरात असं इंजिन अजून आलं न्हाय जे मला रस्त्यावरनं ऐकून कळलं न्हाय. ह्या डब्यासाठी तुला फोन करायची पाळी माझ्यावर येणार न्हाय." बोलणं फुशारकीचं होतं, पण पोकळ नव्हतं. कागलकडच्या खेड्यातून आलो तेव्हा माझं काम रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुण्याचं. मला कुणी काही शिकवलं नाही, कुणाला वेळच नव्हता. हात रॉकेलमध्ये आणि कान मिस्त्रीकडं, असा मी शिकलो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, की आतलं सगळं बोलायला लागतं. टॅपेट सैल असेल तर एक बोलतं, बेअरिंग गेलं असेल तर दुसरं. पुढं पुढं स्क्रू ड्रायव्हरही लागेना. राधानगरीकडचा एक पावणा ट्रॉलीत चालू इंजिन घेऊन आला होता, तू तेव्हा शाळेत होतीस. तो अजून फाटकातून आत वळला नव्हता तर मी आतून ओरडलो, "दोन नंबरचं नोझल बदला!" तो पावणा घाबरून ट्रॉलीवरून उतरलाच. "मालक इंजिन बघत न्हाईत, ऐकत्यात," असं पिराजी आजही नवीन गिऱ्हाइकाला सांगतो. अलीकडे ते ऐकून मला खोकला येतो. का ते पुढं येईलच.

तू गेलीस, पण जाण्याआधी मशीनमध्ये एक खोडी करून गेलीस. मशीन चालू झालं, पडद्यावर सगळं आलं, की त्याच्या नेहमीच्या टिंगटिंग ऐवजी तुझा आवाज यायचा, "अप्पा, आधी चहा घ्या!" पहिल्या दिवशी मी दचकून मागं बघितलं. पिराजीनं तर डोक्यावरची टोपी काढली. मग त्याचा रोजचा रिवाजच झाला. मशीन बोललं की तो ओरडायचा, "ताईंचा हुकूम झाला, आणा रं चहा!" मी तुझ्यावर रागावलेलो होतो, शांभवी, त्यात खोटं नाही. पण रोज सकाळी एवढं ऐकून मगच मी रागवायला बसायचो, आणि चहा पिऊन रागवणं फार वेळ जमत नाही. दसऱ्यापर्यंत तो राग संपला होता. तुला सांगायचा तेवढा राहिला.

आणि दसऱ्यालाच मशीनला ते दुखणं लागलं. खंडेनवमीला आपल्याकडं सगळी हत्यारं, सगळी मशीनं धुऊनपुसून पूजेला बसतात, हे तुला सांगायला नको. लेथ झाला, ड्रिल झालं, इंजिनं झाली. पिराजीनं कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाला, "ह्यानंच काय घोडं मारलंय?" त्याचा बाजूचा पत्रा उघडला आणि कॉम्प्रेसरची नळी आत घालून अशी हवा मारली, जशी आपण ट्रकच्या रेडिएटरला मारतो. धूळ एवढी उडाली की समोरच्या लेथवाल्या हंबीररावांनी आग लागली का म्हणून विचारलं. मग विभूती लागली, झेंडूची माळ पडली, आणि मशीन फार देखणं दिसलं.

सुट्टी संपल्यावर चालू केलं तर अर्ध्यातच थांबलं. निळा पडदा, मधे करडी चौकट. मला इंग्रजी सावकाश वाचावं लागतं, पण हे वाचलं. साउंड कार्ड मशीनमधून काढलेलं दिसतंय, असं ते म्हणत होतं, आणि खाली तीन बटनं. त्याची मांडणी पुसून टाकू, जपून ठेवू, की काहीच करू नको? आणि वर आकडे उलटे पळताहेत, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस, म्हणजे विचार करायलाही सवड नाही. मी म्हटलं, काढलं कुणी? मी नाही काढलं. आणि पुसून टाकायचं तर आपल्या वर्कशॉपला ते चालतच नाही. गिऱ्हाइकाच्या इंजिनातून काढलेला पार्ट, मग तो झिजून पातळ झालेला वायसर असो, डब्यात ठेवायचा आणि मालकाला दाखवल्याशिवाय टाकायचा नाही, या एका रीतीवर माझं नाव झालं. म्हणून 'ठेव' दाबलं. दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. आता काय, तर नवीन साउंड कार्ड सापडलंय, बसवू का? मी म्हटलं बसव बाबा. पुढच्या आठवड्यात पुन्हा, कार्ड काढलेलं दिसतंय. असं दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज काही विचारायचं नाही, पण कधी विचारेल त्याचा नेम नाही, म्हणून मी रोज सकाळी कप हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो. शेवटी कंटाळून तिसरं बटन दाबायला लागलो, 'काहीच करू नको'. ते बटन फार सोयीचं आहे. आजचा दिवस निघतो. फक्त उद्या ते परत विचारतं.

तुझा आवाजही बंद झाला होता. कधी यायचा म्हणे, कधी नाही. मला तर दसऱ्याच्या थोडं आधीपासूनच तो बारीक वाटत होता. मी म्हटलं, फुकटचं मशीन, फुकटचा आवाज, किती दिवस टिकणार.

राजारामपुरीतून एका पोराला बोलावलं. गळ्यात चावीसारखं काहीतरी अडकवलेलं, पोरगा हुशार, बोलायला गोड. दोन मिनिटांत म्हणाला, "काका, हे लिनक्स काढून टाकूया. सगळं फॉरमॅट मारतो, नेहमीचं टाकून देतो." मी म्हटलं, "त्यात माझ्या पोरीनं काय काय ठेवलंय. तिला दाखवल्याबिगर काढायचं न्हाय." त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं आपण उसाच्या रसात मीठ मागणाऱ्याकडं बघू. मग म्हणाला, "तर मग दुसरं करतो. सुरू होताना जे विचारतंय ना, तो भागच बंद करतो. परत कधी विचारणार नाही." पोराचं चूक नव्हतं, तोही एक उपाय आहे. पण मला पटेना. ऑइलचा लाल दिवा लागला म्हणून दिव्याची वायर तोडणारे ड्रायव्हर मी बघितलेत, त्यांची इंजिनं कुठल्या अवस्थेत येतात तेही बघितलंय. मी म्हटलं, "हे इचारतंय म्हंजे ह्याला कायतरी दिसतंय. खोटं कशाला इचारल?" तो चहा न घेता गेला. आपल्या इथून चहा न घेता गेलेला तो पहिलाच.

तेव्हा तुला फोन करून विचारलं असतं तर बरं झालं असतं. अव्वानं तसं सुचवलंही. पण एक तर मी सगळ्यांदेखत बोललो होतो ते आडवं येत होतं, आणि दुसरं म्हणजे आपला फोनच बिघडला होता. निदान मला तसं वाटत होतं. तुझा फोन आला की आत नुसती खरखर, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. मी दोन-तीनदा "हं, हं" करून रिसीव्हर अव्वाकडं द्यायचो. टेलिफोनवाल्याला बोलावलं. त्यानं कानाला लावून बघितलं आणि म्हणाला, "एकदम क्लिअर हाय की अण्णा." मी म्हटलं, तुमच्या खात्याला खरखर पण क्लिअरच वाटणार. डबा बदलून घेतला. नव्यातही तेच.

मशीनचं दुखणं मात्र मला सापडलं, आणि कानानं नाही, त्याच्या वागण्यावरनं सापडलं. एक गोष्ट ध्यानात आली. ज्या संध्याकाळी मोठं इंजिन टेस्टिंगला लावलेलं असतं, त्याच्या दुसऱ्या सकाळी मशीन हमखास विचारतं. बारकी इंजिनं असली की गप्प. कॉम्प्युटरचं टेबल टेस्टिंगच्या भिंतीला लागूनच आहे, मोठं इंजिन सुरू झालं की टेबलावरची पेनं चालत कडेला येतात. म्हणजे आत काहीतरी सैल आहे आणि हादऱ्यानं कधी टेकतंय, कधी सुटतंय. मशीन बिचारं खरंच बोलत होतं. एके दिवशी कार्ड त्याला दिसत होतं, एके दिवशी दिसत नव्हतं.

मागच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळं बंद असताना, वीज काढून मी पत्रा उघडला. कार्ड खाचेत तिरकं बसलेलं, एका बाजूनं नखाएवढं वर. आणि त्याला धरून ठेवणारा स्क्रूच नाही. पिराजीला हाक मारली. तो भाकरीचा घास तोंडात घेऊन आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "मालक, त्यो स्क्रू व्हय? खंडेनवमीला झाकताना उरला हुता. पर टाकला न्हाय मी. आपल्यात टाकायची रीत न्हाय." आणि काढलेल्या पार्टांच्या डब्यातून त्यानं तो स्क्रू आणून दिला, कापडाच्या पुडीत बांधलेला. त्याला शिव्या द्याव्यात का शाबासकी, मला ठरवता येईना. कार्ड दाबून बसवलं, स्क्रू आवळला, मशीन चालू केलं. निळा पडदा आला, नवीन कार्ड सापडलंय, बसवू? मी म्हटलं, बसव, आणि आता हलू नको. एकदा बंद करून पुन्हा चालू केलं. काही विचारलं नाही. सरळ सुरू झालं. तुला सांगतो, एवढं समाधान मला मोठी क्रँक सरळ केल्यावरही झालं नव्हतं.

पण तुझा आवाज येईना. कार्ड बसलं, मशीन गप्प झालं, मग हे का बोलत नाही? स्पीकरची वायर बघितली. आवाजाचं बटन पूर्ण फिरवलं. पडद्यावरची ती पट्टी वर सरकवली, शेवटपर्यंत. बंद केलं, चालू केलं. परत बंद, परत चालू. डबड्यात माशी अडकावी तसं काहीतरी जाणवलं, बस्स. मी स्पीकरला दोन टपल्या मारल्या आणि पुन्हा चालू केलं.

एवढ्यात पिराजी धावत आला, हात पुसायचंही भान नाही, आणि दाराकडं बघून म्हणाला, "ताई आल्या व्हय? कुठं हायत?" त्याच्यामागून हंबीरराव, ते तर रस्ता ओलांडून आलेले. "शिवानंदअण्णा, पोरगी आली आणि सांगायचं न्हाय? केवढ्यानं वरडती चहासाठी, माझ्या लेथवर ऐकू आलं की!" मी दोघांच्या तोंडाकडं बघितलं. मग मीही दाराकडं बघितलं, खरंच आली असशील म्हणून. मग मशीनकडं. मग स्पीकरवर हात ठेवला आणि पिराजीला म्हटलं, परत चालू कर. तळहाताखाली स्पीकर थरथरला, थांबला. पिराजीनं कानांवर हात घेतले. मला काहीच ऐकू आलं नाही.

त्यांना म्हटलं, व्हय, मशीन दुरुस्त झालं, जावा आता. आणि तिथंच बसून राहिलो. अव्वा दिवाळीपासून म्हणत होती, "एनरी, अहो, टीव्हीचा आवाज एवढा मोठा कशाला?" शेजारणीनं येऊन सांगितलं तेव्हाही मी म्हणालो होतो, टीव्ही जुना झालाय. ती म्हणाली, "डॉक्टरकडं जाऊन कान दाखवा." मी म्हणालो, "माझे कान? उद्यमनगरात विचार जा." रोज विचारत होती बिचारी, आणि मी रोज ते तिसरं बटन दाबत होतो. तुझा तो जानेवारीतला फोन मला आठवला. तू बराच वेळ बोलत होतीस. खरखरीतून मला एवढंच कळत होतं की पोरगी काहीतरी जिवाचं सांगते आहे. मी "बरं" म्हणालो, "अव्वाकडं देतो" म्हणालो. अव्वाला वाटलं, मी ऐकून गप्प बसलोय. मला वाटलं, सांगण्यासारखं असतं तर अव्वानं सांगितलं असतं. असे आम्ही दोघं एका घरात सहा आठवडे गप्प. काल मीच तिला विचारलं, तेव्हा कुठं मला कळलं की तू सोमेशचं सांगत होतीस. हातकणंगल्याचा, तुझ्याच ऑफिसातला, आणि तुला त्याच्याशी लग्न करायचंय. आणि अप्पांना पटतं का, एवढंच तुला माझ्या तोंडून हवं होतं. एवढं सगळं ऐकून बापानं "बरं" म्हणून फोन दुसऱ्याकडं दिला, असं तुझ्या बाजूनं दिसलं असणार. तुझ्या जागी मी असतो तर पाडव्यालाच काय, दिवाळीलाही आलो नसतो.

म्हणून हे पत्र, शांभवी. मी तुझ्याशी बोलणं टाकलेलं नाही. मला तुझं बोलणं फोनवर ऐकू येत नाही. शनिवारी डॉक्टरांकडं जाऊन आलो, अव्वा बरोबर होती, ऐकायला. डावा कान गेला, उजवा निम्मा राहिलाय, तीस वर्षं इंजिनाला चिकटून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार, असं ते म्हणाले. यंत्र देणार आहेत, कानामागं लावायचं. फोनवर मात्र त्याचाही भरवसा धरू नका म्हणाले. तेव्हा फोन करू नकोस. पाडव्याला ये आणि सोमेशला घेऊन ये. माझ्या उजव्या हाताला बस, तोंड माझ्याकडं ठेव, आणि जानेवारीत जे सांगितलंस ते पहिल्यापासून सांग. माझं उत्तर तेव्हा दिलं गेलं नाही, ते समोर बसून द्यायचं आहे. त्या पोराला भिऊ नको म्हणावं, माणूस पसंत करायला मला कान लागत नाहीत. मशीन नीट चालतं, काही विचारत नाही, रोज सकाळी बोलतं. काय बोलतं ते पिराजी मला चहा आणून दाखवतो. आणि मघाशी सांगितलेली ती महागाची बाब अशी, की टेस्टिंगला लावलेलं इंजिन चालू आहे का बंद, ते आता मी हात ठेवून बघतो.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
अप्पा